घोकणबाईची लेक

बस डेपोच्या मागच्या गल्लीत ज्या दारापुढे संध्याकाळी चपलांचा ढीग पडे, ते घोकणबाईचं घर. नाव पोरांनी ठेवलेलं. समोर सगळे नुसतं बाई म्हणत, पाठ फिरली की घोकणबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि मागून म्हटलेलं नावच तिला मनातून अधिक आवडे.

तिची शिकवणी म्हणजे आवाजाची गिरणी होती. पाढे, व्याख्या, नद्या, राजे, जे काही असेल ते एकदा, पुन्हा, आणखी एकदा. मध्ये कुणी अडखळलं की पहिल्यापासून. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता म्हणायचा, "बाईंच्या घरातली पालसुद्धा तेराचा पाढा म्हणत असेल." पण त्याचीही दोन पोरं तिच्याकडेच यायची. कारण घोकणबाईचं पोर परीक्षेत उभं राहिलं की नळ सोडल्यासारखं बोलतं, अशी तिची ख्याती होती.

या घोकण्यामागे एक जुनी गोष्ट होती. ती स्वतः शाळकरी असताना मुख्याध्यापकांच्या खोलीची काच फुटली होती. ती काच तिनं फोडली नव्हती. पण सगळ्या शाळेपुढे उभं करून विचारलं तेव्हा तिची जीभ टाळ्याला चिकटली, आणि छडी तिलाच बसली. ज्यानं फोडली होती तो पोरगा घडाघडा बोलला आणि सुटला. त्या दिवशी तिनं जे शिकून घेतलं ते पुढं कुठल्या पुस्तकानं तिला शिकवलं नाही. अडखळणारा माणूस खरा असला तरी खोटा दिसतो.

नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. कमी बोलणारा, बोटांना कायम खळ लागलेली. घरात सासू होती, वरच्या खोलीत धाकटा दीर होता. दीर वायरमन. गल्लीत कुणाचा पंखा अडला, कुणाची घंटा वाजेना, की तो हजर, आणि वर दोन विनोद फुकट. माणूस सगळ्यांना हवाहवासा. आणि बाईची एकुलती एक लेक होती, आठ वर्षांची. एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणत. ती शिकवणीत लुडबूड करी. मग बाईच तिला सांगायची, "जा गं, वर काकाकडे जाऊन बस."

हे वाक्य पुढं बाईच्या छातीवर दगडासारखं बसलं.

अलीकडे भिंगरी फिरेनाशी झाली होती. शिकवणीच्या वेळी ती आईच्या खुर्चीमागे येऊन बसे आणि भिंतीला पाठ लावी. वर जा म्हटलं की पोट दुखतं म्हणे. बाईला वाटलं, लाडावली. एका संध्याकाळी पोरं गेल्यावर बाई सतरंजी गुंडाळत होती, तेव्हा भिंगरी खालमानेनं म्हणाली, "आई, मला काकाकडे पाठवू नकोस ना." का, म्हणून बाईनं विचारलं. मग ती बोलली. थोडं बोलली, थांबली, पुन्हा थोडं. बाईच्या हातातली सतरंजी तशीच अर्धी गुंडाळलेली राहिली. लेकीचं सांगून झालं तशी बाई तिला घेऊन घराबाहेर पडली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, जवळ घेतलं आणि लगेच फोन लावला. साध्या कपड्यातली एक पोलीसबाई आली. तिनं पोरीला एक अक्षर विचारलं नाही, सगळं आईकडून ऐकलं. म्हणाली, "आता घरी जाऊ नका, बहिणीकडे राहा. परवा मुलांच्या केंद्रात या. तिथं ती सांगेल, आणि एकदाच सांगेल."

पोलीसबाई हे धीर द्यायला म्हणाली होती. पण बाईनं त्यातला एकच शब्द उचलला, एकदाच. म्हणजे पुन्हा संधी नाही. म्हणजे शाळेपुढे उभं राहणं. लेक तिच्यापुढे बोलताना किती अडखळली होती ते बाईनं पाहिलं होतं. घाबरलेला माणूस करतो तेच तिनं केलं. जे येत होतं ते केलं.

बहिणीच्या मागच्या खोलीत दार लोटून तिनं लेकीला समोर बसवलं. आधी कोण, मग कधी, मग कुठे. 'त्यांनी माझ्याशी गैरवर्तन केले' हे वाक्य तिनंच घडवलं. एकदा, पुन्हा, आणखी एकदा. भिंगरी म्हणाली, "आजी घरात होती का ते मला आठवत नाही." बाई म्हणाली, "आठवत नाही असं उत्तर नसतं. आजी बाहेर गेली होती, असं म्हण." भिंगरीनं म्हटलं. शेवटी शेवटी ती कुठंच अडखळेना. बाईला वाटलं, आपण लेकीच्या हाती ढाल दिली.

केंद्र म्हणजे एक बैठं घर होतं, दवाखान्यासारखं नाही की चौकीसारखंही नाही. पुढच्या खोलीत बुटक्या खुर्च्या, चित्रांची पुस्तकं, पाण्याचा माठ. कुणाच्या अंगावर गणवेश नव्हता. एक जाडजूड, पिकल्या केसांची बाई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि त्यांच्याकडे आली.

"मी सोबतीण," ती म्हणाली. "कुटुंबाच्या शेजारी बसायचं, हे माझं काम. बसायचा पगार मिळतो, माझ्यासारखी सुखी कोण."

कुणी हसलं नाही. भिंगरीनं तेवढं वर पाहिलं.

मग एक तरुण ताई आली आणि भिंगरीपुढे जमिनीवरच बसली. "माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. त्यातली एक गोल फिरते. आधी नुसती खोली बघून येऊ या? आई इथंच आहे." भिंगरीनं आईकडे पाहिलं आणि ताईचा हात न धरता तिच्या मागोमाग गेली.

सोबतीण सांगू लागली. "पूर्वी पोलीस विचारायचे, मग डॉक्टर, मग वकील. दर वेळी तेच. पोरानं किती वेळा तेच भोगायचं? म्हणून इथं ताई एकटी बोलते. बाकीचे पलीकडच्या खोलीत पडद्यावर बघतात, ऐकतात. तसं ती मुलीला आधीच सांगते, लपवाछपवी नाही."

"आणि एखादी गोष्ट नाही आठवली तर?" बाईनं विचारलं.

"तर आठवत नाही म्हणायचं. इथं त्याला कुणी चूक म्हणत नाही."

बाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुम्ही घरी काही पढवलं नाही ना तिला? काय बोलायचं, कसं बोलायचं?"

"नाही," बाई म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच ऐकू आलं नाही. शेजारी नवरा नखातली खळ काढत बसला होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूचा आवाज असा की फोन कानाला लावला तरी खोलीभर पसरे. "कुठं नेऊन बसवलंस पोरीला? झाकली मूठ सव्वा लाखाची असते रे. सख्खा भाऊ आहे तुझा. तो जेवला नाहीये. आणि तुझी बायको ज्या दिवसाचं सांगते ना, त्या दिवशी मी घरातच होते. गुडघा धरला होता, जिन्याखाली पाय पसरून बसले होते. शेजारीण होती सोबतीला, विचार तिला. माझ्या नाकाखाली असलं काही होईल?"

त्यानं फोन ठेवला. बाई समोरच्या माठाकडे बघत होती, पण तिला माठ दिसत नव्हता. आजी बाहेर गेली होती, हे लेक आता आत घडाघडा सांगणार. ते खोटं ठरणार. आणि एवढंसं ठिगळ खोटं निघालं की सगळं वस्त्रच खोटं म्हणून फेकून देतील. तो पुन्हा जिना चढून वर जाईल, लोकांचे पंखे दुरुस्त करील, विनोद सांगेल. आणि भिंगरी खाली राहील, खोटारडी म्हणून.

सांगावं, तर तिकडचा वकील म्हणेल आईनं पोपट पढवला. न सांगावं, तर पोरगी आपल्या हातानं खड्ड्यात ढकलल्यासारखी. बाईला दोन्हीकडून दरड दिसत होती. आतल्या खोलीचं दार अजून उघडं होतं. खुर्ची फिरल्याचा बारीक आवाज येत होता.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी पढवलंय तिला."

सोबतिणीनं गुडघ्यावरचा हात काढला. "काय काय?"

"कसं बोलायचं ते. शब्द माझे आहेत. आणि आजी नव्हती, हे मी घातलं. तिला आठवत नव्हतं. बाकीचं तिचं आहे हो. तिच्या तोंडूनच ऐकलंय मी. ती अडखळत होती म्हणून..."

सोबतीण उठली. एवढ्या जड बाईला इतकं भरभर चालता येतं हे पाहून कुणालाही नवल वाटलं असतं. तिनं जाऊन ताईला बाहेर बोलावलं, ते दार हलकेच ओढून घेतलं, मग दोघी पलीकडच्या खोलीत गेल्या.

नवरा बाईकडे पाहत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे तूच रचलंस का हे?"

"नाही."

"मग शिकवायला कशाला लागतं? खरं असेल तर शिकवायला कशाला लागतं गं?"

बाईला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण काच फुटलेल्या दिवशी झालं होतं तसंच झालं. जीभ टाळ्याला चिकटली. त्यानं ते बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्याला एक फट सापडली होती. त्या फटीतून भाऊ परत भाऊ झाला असता, आई परत आई. बाईला त्या चेहऱ्याची जितकी भीती वाटली तितकी वकिलाची वाटली नव्हती.

सोबतीण परत आली. "सांगितलं सगळ्यांना. लिहूनही ठेवलं."

"ते लिहायलाच हवं का?" बाईनं विचारलं.

"हवंच. लपवलं आणि मग सापडलं, तर पोरीचं खरंही बुडेल. आणि तुम्हाला कोर्टात विचारतील. तेव्हा हेच सांगायचं, आत्ता सांगितलंत तसं. मी असेन तिथं."

"आणि ती आत माझंच म्हणत बसली तर?"

"ताई सांगेल तिला, की इथं पाठ म्हणायचा नाही. पुढं पोरीवर आहे. मी उगाच धीर देत नाही, बाई. मला माहीत नाही."

ताई परत आत गेली आणि दार लागलं. मग नुसतं बसणं राहिलं. ती खोली अशी बांधलेली की आतला शब्द बाहेर फुटत नव्हता. रस्त्यावरून हातगाड्या गेल्या. सोबतिणीनं पाणी आणून दिलं, बाईनं ते तसंच धरून ठेवलं. तिच्या मनात लेक पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणत होती, कुठंही न अडखळता, आणि प्रत्येक वेळी बाईच्या अंगावर काटा येत होता. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणीतरी अडखळावं म्हणून जीव मुठीत धरून बसली होती.

सोबतीण एकदाच बोलली. "बाहेर आली की काय सांगितलंस असं विचारू नका. आपणहून बोलली तर ऐका. दुरुस्त करू नका."

दार उघडलं तेव्हा बाई उठायला गेली आणि पाणी तिच्या साडीवर सांडलं. भिंगरी उंबऱ्यातच थांबली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती घाबरली होती, आणि आईकडे बघूनच घाबरली होती, हे बाईला दिसलं.

"आई, रागावू नकोस."

"नाही गं."

"मी विसरले. तू सांगितलेलं मला सगळं येत होतं, पण ताई म्हणाली तुझं तू सांग. मग मी विसरलेच. मला नुसतं झालेलंच आठवत होतं." ती दाराची चौकट नखानं खरवडू लागली. "मध्ये मध्ये अडले पण."

बाईच्या जिभेवर प्रश्न आला. आजीचं काय सांगितलंस? तिनं तो गिळला. तिनं दोन्ही हात पुढे केले, आणि लेक थोडा वेळ थांबून, पारखून, मग त्यांत आली.

नवरा उठून उभा राहिला होता. पोरीनं आईच्या ओल्या पदरात तोंड खुपसलं. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला.

पलीकडच्या खोलीतून पोलीसबाई आली. "डॉक्टर तिला फक्त तपासतील, दुखेल असं काही नाही. दर आठवड्याला इथं यायचं, तिनंही आणि तुम्हीही. दादा, तुमच्या घराकडे आमची गाडी निघते आहे. भावाला फोन करू नका."

त्यानं मान हलवली. होकार होता की नकार, ते बाईला कळलं नाही. फाटकाबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आता हे परत घेता येणार नव्हतं. पुढं कोर्ट होतं, गल्ली होती, चपलांविना दार होतं, आणि तिनं घातलेलं ते ठिगळ कुठल्यातरी कागदावर कायमचं बसलं होतं.

फोन पुन्हा वाजला. त्यानं तो कानाला लावला. सासू मोठ्यानं विचारत होती की पोरगी काय बरळली, आणि मी घरात होते हे सांगितलंस का त्यांना.

बाईनं लेकीच्या कानांवर हात ठेवले आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई," तो म्हणाला, "तू खाली होतीस. ती वर होती."

त्यानं फोन खाली घेतला नाही.