मेलेला माणूस सूप कसा पितो?

माझी मावशी आणि मी एकाच लाँड्रीत कामाला आहोत. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं आमच्याकडे धुवायला येतं. मावशी घडीच्या टेबलावर असते. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही, समोर दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे मी. हात चादरीत गुंतलेले, तोंडं मात्र रिकामी. म्हणून मावशी गोष्ट सांगायची.

गोष्ट म्हणजे आदल्या दिवशीचा मालिकेचा भाग. त्यात खून आणि तपास असला की बाई रंगात यायची. कोण कुणाचा साडू, कुणी कुणाला फोन केला, पिस्तूल कुठल्या कपाटातून निघालं, सगळं तोंडपाठ. निम्मी लाँड्री तर मालिका धड बघतच नसे. सकाळी मावशी सांगेलच, म्हणून माणसं टीव्हीसमोर खुशाल डुलक्या काढायची. "टीव्हीवर मध्ये जाहिराती असतात, मावशीकडे नसतात," असं आमचे ट्रकवाले काका म्हणायचे. सख्खी ती माझी एकटीची, पण मावशी सगळ्यांचीच.

मग ती नवी मालिका आली. सगळं चित्र निळंकाळं. तपास करणारी बाई जेव्हा बघावं तेव्हा धुक्यात उभी. एकाने काही विचारलं, की दुसरा उत्तर देईपर्यंत आपला चहा गाळून व्हावा! इस्त्रीच्या मशीनवर आमच्याकडे एक गडी आहे. सुट्टीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढतो, म्हणून त्याला सगळे कॅमेरामन म्हणतात. तो या मालिकेवर फिदाच झाला. "काय लाइट लावलाय! काय फ्रेम आहे! नुसतं बघत बसावं." बाकीचेही माना डोलवायचे. हो, हो, भारीच होता कालचा भाग.

आणि मावशी गप्प.

"सांग की गं," मी म्हणायचे.

"सगळ्यांनी बघितलंय ना? मग मी काय सांगायचं?"

मला वाटलं, रुसली. तिचा मान कॅमेरामनने पळवला म्हणून नाक फुगवून बसली. पण पुढे पुढे ती मोजलेले अभ्रे परत मोजू लागली. सकाळी मी तिला घ्यायला गेले, की घराला कुलूप लावून जिना उतरायची आणि पुन्हा वर जाऊन ते ओढून बघायची. मी चिडायचे. माझं डोकं लवकर तापतं असं घरचे म्हणतात. खोटं आहे ते. लवकर नाही, तिथल्या तिथे तापतं.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत सुपरवायझरबाईंनी मला बाजूला घेतलं. "मावशी महिनाअखेर काम सोडतेय म्हणाली. घरी काही झालंय का?"

मी तशीच तडक गेले. मावशी ड्रायरच्या मागे स्टुलावर बसली होती. डबा मांडीवर, झाकण लावलेलंच.

"काम सोडतेस? आणि मला परक्याकडून कळतंय?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! शंभरदा ओरडणार! काय झालंय ते सांग आधी."

ती डब्याकडे बघतच म्हणाली, "त्या मालिकेत दुसऱ्या भागात गाडीत एक माणूस मेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि पाचव्या भागात तोच माणूस हॉटेलात बसून सूप पितोय. तुम्हा सगळ्यांना कळतं, मला एकटीलाच कळत नाही. माझ्या डोक्यात काही राहत नाही आता. आईचंही असंच सुरू झालं होतं."

आजीला शेवटी शेवटी कुणी ओळखू येत नव्हतं. मावशीने तिचं सगळं केलं, न्हाऊ घातलं, भरवलं. आणि आजी तिलाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

"डॉक्टरकडे चल," मी म्हटलं.

"नको. डॉक्टर खरं सांगतील." तिने डब्याचं झाकण उगाच दाबून बघितलं. "इथे माझ्या हातून एका हॉस्पिटलचा गठ्ठा दुसरीकडे गेला तर? कुणी जा म्हणायच्या आत आपणहून गेलेलं बरं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कारण तो सूपवाला आधी मेला होता, हेच मुळी मला माहीत नव्हतं! मीही इतरांसारखीच. अर्धवट बघायचे, आणि सकाळी सगळे भारी म्हणतात म्हणून भारी म्हणायचे.

तिचा दंड धरला आणि तिला ओढतच बाहेर आणलं. सगळे टेबलाभोवती जेवत होते.

"घास खाली ठेवा आणि मला सांगा," मी म्हटलं. "दुसऱ्या भागात मेलेला माणूस पाचव्या भागात सूप कसा पितो?"

"जुळा भाऊ असेल," ट्रकवाले काका म्हणाले.

"छे! मेलाच कुठे तो? बेशुद्ध होता," सुपरवायझरबाई म्हणाल्या.

"ते आधीचं दाखवलंय," कॅमेरामन म्हणाला. "रंग बघा ना, पिवळट आहे."

"अरे, पिवळे तर हॉटेलचे दिवे होते!"

मागून कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, मेला होता? मला वाटलं गाडीत झोपलाय."

मग जी जुंपली! काका तावातावाने म्हणाले, "खून कुणाचा झाला हेच कळत नसेल, तर तो निळा उजेड काय चाटायचाय?"

"गोष्ट काय, सगळ्याच मालिकांत असते," कॅमेरामनही काही कमी नव्हता. "पण डोळ्यांना असं सुख कुठे मिळतं? तो पूल आठवा. खाली काळं पाणी आणि त्यात एकच लाल दिवा."

इतका वेळ गप्प असलेली मावशी म्हणाली, "तो दिवा मलाही फार आवडला रे. पण पुलावर उभं कोण होतं?"

कॅमेरामनने डबा बाजूला सारला.

"खरं सांगू, मावशी? नाही कळलं. दोनदा बघितला तो भाग."

"मग रोज सकाळी भारी भारी काय लावलं होतंस?"

"दिसत भारीच होतं की! आणि कळत नाही म्हटलं असतं, तर या सगळ्यांनी माझी टर उडवली असती. म्हटलं, मावशी सांगेल तेव्हा कळेल. तर तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात."

मावशी चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. "म्हणजे कुणालाच नाही कळलं?"

"कुण्णाला नाही," काका म्हणाले.

आधी ती हसायला लागली. मग हसता हसता रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. "घाबरले होते रे मी," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "फार घाबरले होते." कॅमेरामन बिचारा गडबडून पाणी आणायला धावला. सुपरवायझरबाईंनी तेवढ्यात विचारून घेतलं, "म्हणजे सोडत नाहीस ना? नाही म्हण बाई, घडीच्या टेबलाला माणूस मिळत नाही." मावशीने नाक पुसत नाही म्हणून मान हलवली.

मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी काम सुटल्यावर फाटकाशी ती थांबली. "चल, डॉक्टरकडे जाऊ."

"आता कशाला?"

"आता जाववेल म्हणून."

डॉक्टरांनी तिला तारीख विचारली, काही शब्द लक्षात ठेवायला लावले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर नखं खात बसले होते. मग त्यांनी मलाही आत बोलावलं. "यांना काहीही झालेलं नाही. वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम आहे."

"परत एकदा सांगा," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी परत सांगितलं.

बाहेर आलो. रस्त्यावर माणसांची घाई चालली होती. मावशी मात्र सावकाश चालत होती, कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखी.

"तुला एक सांगते, रागावू नकोस," ती म्हणाली. "किती दिवस झाले, सकाळी तू दारात आलीस, की मी आधी मनातल्या मनात तुझं नाव घेऊन बघायचे. आठवलं, की मगच दार उघडायचे."

दारात ताटकळत ठेवते म्हणून मी रोज तिच्यावर डाफरत होते. मी तिचा हात घट्ट धरला.

"आणि उद्या?" मी कसंबसं विचारलं.

"उद्या कसलं बघायचं? बेल वाजली की दार उघडायचं," मावशी म्हणाली.