भावाला पटवून देताना

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. अंगात येणं, करणी, उतारे, सगळ्यांविरुद्ध बाबांनी छापून वाटलेली. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवरच. म्हणून कारखान्यातली नोकरी सुटून घरी आलेला मोठा भाऊ, आपल्या विहिरीत कुणीतरी विष टाकतं असं सांगू लागला, तेव्हा गावाने मांत्रिक सुचवला आणि आम्ही गावाला हसलो. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. आणि मग आमच्यासारख्या घरातच होऊ शकते अशी चूक केली. त्याला पटवून द्यायला बसलो.

तीन वर्षं. बाबा त्याच्यासमोर विहिरीचं पाणी गटागटा प्यायचे.

"मेलो का मी? सांग, मेलो का?"

"तुमाले नाही मारत थे. मलेच मारायचं आहे त्यायले."

मी त्याच्यासाठी चार पानं लिहिली, मुद्दे पाडून. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "तूबी त्यायच्यातलाच का?" मी त्याच्या कानाखाली मारली. माणसाच्या प्रतिष्ठेवर लेख लिहीत होतो मी तेव्हा.

त्याने घरचं पाणी सोडलं, मग त्या पाण्यात शिजलेला भातही. दोनदा सलाइन लावावं लागलं. दुसऱ्या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, साकोलीला महिन्यातून एकदा अशा मुलांचे आईबाप शाळेच्या खोलीत जमतात, जा.

बाबांचा जन्म भाषणांत गेला. तिथेही ते उभे राहिले आणि मुलाचं म्हणणं कसं चूक आहे ते सविस्तर सांगू लागले. समोर मासे विकणारी एक बाई बसली होती. तिची मुलगी कित्येक वर्षं अशीच. तिने मध्येच थांबवलं.

"गुरुजी, तुमी बरोबर आहा जी. लय बरोबर. पोट्टा जेवला का आज?"

लोक हसले. बाबाही हसले, मग चष्मा काढून खाली बसले.

"नाही," म्हणाले.

"मंग वाद कायले घालता? कोठचं पाणी पायजे थे इचारा ना त्याले. हार माना एकडाव."

परतताना मी बाबांशी भांडलो. ही खोट्यापुढची शरणागती आहे, म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला विचारलं. तो म्हणाला, "शाळेपाशच्या हापशीचं. मीच आणीन." बाबा बादली घेऊन त्याच्याबरोबर गेले.

"का जी गुरुजी, तुमालेबी पटली वाटते करणी!" पानठेल्यावरून कुणी ओरडलं. बाबांनी मान वर केली नाही. त्या दिवशी भावाने स्वतः भात शिजवला आणि खाल्ला.

तेवढंच. वर्ष झालं, तो जेवतो. बाकी काहीही परत आलेलं नाही. कधी ती हापशीही त्याला नको होते, मग बाबा त्याला घेऊन दुसरी शोधतात. साकोलीच्या खोलीत दर वेळी कुणीतरी विचारतं, आमच्यामागं कोण? कधी ती मासेवाली बाईच विचारते.

परवा गाडीवर मागे बसलेल्या बाबांनी मलाच विचारलं, "माझ्यामागं तू नेशील ना त्याले पाण्याले?"

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. पण त्याला एकदा तरी पटायला हवं, हे मी अजून सोडलेलं नाही, आणि ते बाबांना माझ्या आवाजात ऐकू आलं असावं.