समोरनं न बघितलेलं गुऱ्हाळ

उचगावात केरबा वळकुंजेचं घर विचारलं तर लोक आधी हसतात आणि मग रस्ता दाखवतात. हसायचं कारण दारातच आहे. दाराबाहेर एक दोरी लोंबत असायची. ती ओढली की आत घंटी वाजायची आणि त्याच ओढीत परसातल्या खुराड्याचं दार उघडायचं. दोन्ही एकत्र कशाला, असं कुणी विचारलं तर केरबा म्हणायचा, "एका ओढीत दोन कामं होत्यात की! वाईट काय हाय त्यात?" वाईट काही नाही. फक्त पोस्टमन आला की सगळ्या कोंबड्या गल्लीभर व्हायच्या आणि केरबाची बायको आक्काताई पदर खोचून त्यांच्या मागं पळायची. केरबा दारात उभा राहून पोस्टमनला दोरीची करामत समजावत असायचा.

तर असा हा माणूस. पोटाचा धंदा पॅटर्न मेकरचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत लोखंडाची जी वस्तू ओतायची, ती आधी हा लाकडात हुबेहूब करून द्यायचा. मग तिचा ठसा वाळूत उमटवायचा आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा. जन्मभर उचगावातनं सायकल हाणत गेला आणि जन्मभर सागवानाचा भुसा अंगावर घेऊन घरी आला. त्या काळात फौंड्रीत ऑइल इंजिनांचे भाग ओतले जायचे, आणि त्या इंजिनानं केरबाला पार वेडं केलं होतं. आत एकच दांडा फिरतो, त्यावर आंब्याच्या आकाराच्या चकत्या बसवलेल्या असतात, आणि चकतीचा फुगीर भाग वर आला की झडप बरोबर आपल्या वेळेला उघडते. ना कुणी सांगायला, ना कुणी बघायला. केरबाला वाटायचं, झडप उघडते तर माणसाचा हात का उचलू नये?

हे डोक्यात घोळत असतानाच गावातल्या तालमीच्या मंडळानं गणपतीला हलता देखावा करायचं ठरवलं. बाकीची मंडळं राक्षस मारायची, नाहीतर हत्तीच्या सोंडेतनं फुलं टाकायची. केरबा म्हणाला, "आपन गुऱ्हाळ करूया." सगळे हसले. गुऱ्हाळ काय बघायचं? पण तोवर बैलाचं गुऱ्हाळ कुठं राहिलं होतं? ऊस कारखान्याला जात होता, चरकाला इंजिन लागलं होतं, आणि केरबाच्या बापाचं गुऱ्हाळ मोडून तिथं चिलारीची काटेरी झुडपं माजली होती. केरबाला ते लई लागलं होतं. बोलायचा नाही, पण लागलं होतं.

मग केलं त्यानं. हातभर उंचीची माणसं, पॅटर्नमधनं उरलेल्या सागवानाची. बैलजोडी चरकाभोवती फिरते. एक गडी चरकात ऊस सारतो. काहिलीखालच्या चुलवाणात जाळ घालणारा जाळव्या वाकतो, उठतो, कपाळाचा घाम पुसतो. गुळव्या काहिलीत ढवळतो, मधेच थांबतो, पळी वर उचलून रस कितपत झाला ते बघतो आणि मान हलवतो, अजून न्हाय! शेवटी चौघं मिळून काहील कलती करतात. सगळ्यांच्या सांध्यांना बिजागऱ्या जुन्या कोल्हापुरी चपलांच्या चामड्याच्या, म्हणजे हालचाल कशी मऊ व्हावी. वर हा सगळा संसार, आणि खाली स्टेजच्या पोटात एकच लांब लोखंडी दांडा, त्यावर लाकडी चकत्या. केरबा त्यांना 'आंबे' म्हणायचा. गुळव्याचा आंबा वेगळा, जाळव्याचा वेगळा. मान हलवायला तर एक एवढासा कैरीएवढा.

दांडा फिरवायला मोटर बसवली होती. ती पहिल्याच वर्षी तिसऱ्या दिवशी जळली. दारात ही गर्दी! अध्यक्ष डोक्याला हात लावून बसले. केरबानं दांड्याला विहिरीच्या रहाटासारखा हात जोडला आणि तालमीतली दोन पोरं खाली बसवली. पोरं ती पोरं. बैल असे पळायला लागले की शर्यतीला निघालेत. गुळव्याची मान तुटायची वेळ आली.

"आक्काताई, तू बस," केरबा म्हणाला. "तुझ्या हाताला जात्याची सवय हाय."

आक्काताई बसली आणि गुऱ्हाळ सुरळीत चालू झालं. बैल बैलासारखे चालले. गुळव्या सावकाश पळी उचलायला लागला. मोटरीला जे जमत नव्हतं ते तिला जमलं, काहील कलती करताना ती हात अगदी हळू करायची, म्हणजे गरम रस सांडू नये! लाकडाच्या काहिलीत कसला रस आलाय? पण तिच्या हाताला ते कळत होतं. पुढच्या वर्षी मंडळानं मोटरीचं नावच काढलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. अशी अकरा वर्षं गेली.

काय ते दिवस होते! जयसिंगपूर, इचलकरंजीहून लोक एसटीनं यायचे. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं, "आमच्या रानातलं गुऱ्हाळ की ह्ये!" आणि केरबा फेटा बांधून, हातात छडी घेऊन समोर उभा. "बघा पावणं, गुळव्याकडं बघा, आता मान हलवणार!" आणि गुळव्या मान हलवायचा. टाळ्या. "वा केरबा! नाद खुळा!" केरबाची छाती फुगायची. एखादा विचारायचा, "मोटर कितीची बसवलीया?" तेव्हा केरबा नुसता हसायचा, गूढ. त्याला वाटायचं, राहू दे की जरा जादू.

जादू खाली गोणपाटावर बसलेली असायची. डोक्यावर फळ्या, पुढं पडदा, आत बल्बांची धग आणि डास. पडद्याखालनं चार बोटं फट होती, तेवढ्यातनं तिला लोकांचे पाय दिसायचे. गावातली निम्मी माणसं ती चपलांवरनं ओळखायची. कुणी नवं पायताण घेतलं की दुसऱ्या दिवशी नळावर त्या बाईला सांगायची, "झ्याक हाय गं तुझं!"

मग काळ पालटला. टीव्ही आले, मग भिंतीएवढे स्पीकर आले. गुऱ्हाळ पोत्यांत बांधून तालमीच्या माळ्यावर गेलं. केरबा रिटायर झाला. पोरगी अनुजा इचलकरंजीला दिली. आणि दोघं नवराबायको, घंटी आणि कोंबड्या असं चाललं होतं.

गेल्या वर्षी आक्काताईचं चालताना दाराला आपटणं सुरू झालं. भांडं ठेवायला गेली की ओट्याच्या बाहेर ठेवायची. केरबा ओरडायचा, "लक्ष कुठं असतंय तुझं?" शेवटी अनुजा आली आणि दोघांना घेऊन कोल्हापूरला डॉक्टरकडं गेली. काचबिंदू निघाला. डॉक्टर भला माणूस, त्यानं लपवलं नाही. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाला. उरलीय ती औषधानं टिकवायची, पण किती टिकेल सांगता येत नाही. तिला कडेचं काही दिसत नव्हतं. नळीतनं बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, आणि ती नळीसुद्धा बारीक होत चालली होती.

रिक्षातनं परत येताना केरबा औषधाची पिशवी मांडीवर घेऊन आक्काताईशेजारी बसला. 'लक्ष कुठं असतंय' म्हणून महिनाभर ओरडला होता, ते त्याला आता खात होतं. मग एकदम म्हणाला, "तुला काय बघायचंय ते सांग. तिरुपती? काशी? आपन जाऊया. पोरगी नेईल."

आक्काताईनं थोडा विचार केला. म्हणाली, "काशी ऱ्हाऊ द्या. त्ये तुमचं गुऱ्हाळ मी समोरनं कवाच बघितलं न्हाय."

केरबाला आधी वाटलं, ही काहीतरीच बोलतेय. अकरा वर्षं जिनं फिरवलं तिनं बघितलं नाही? मग तो एकेक वर्ष आठवायला लागला. पहिले दोन दिवस मोटर होती तेव्हा ती घरी पावण्यांच्या स्वयंपाकात. त्यानंतर फिरत होतं तेव्हा ती खाली. बाहेर यायची तेव्हा बैल थांबलेले. घरी परसात जोडून बघायचा तेव्हाही फिरवायला हीच. खरंच की! लाकडी माणसं तिनं हजारदा पुसली, रंगवली, पोत्यात भरली. चालताना एकदाही बघितली नव्हती. आणि आपल्या हे इतक्या वर्षांत ध्यानातही आलं नाही. घर येईपर्यंत केरबानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तालमीत विजयसिंहासमोर जाऊन उभा राहिला आणि माळ्यावरचं गुऱ्हाळ खाली काढूया म्हणाला. विजयसिंह आता मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या डोक्यात यंदा एलईडीची भिंत होती.

"काका, आता कोण बघणार त्ये?"

"एकजण बघनार हाय," केरबा म्हणाला, "आणि तिची नजर चाललीया. तू भिंत लाव न्हायतर डोंगर लाव. त्याच्या आधी एक सांज मला तालमीचा हॉल दे." आणि मग त्यानं सगळं सांगितलं.

विजयसिंह ऐकत राहिला. "म्हंजे खाली मोटर नव्हती?" त्यानं विचारलं. लहानपणी तो रोज पहिल्या रांगेत बसून बघायचा. "काकी होत्या?"

"व्हय."

"आयला!" विजयसिंह म्हणाला आणि स्वतः शिडी लावून माळ्यावर चढला.

पोती उघडली तर काळीज चरकलं. एका बैलाचे पाय वाळवीनं खाल्लेले. चामडी बिजागऱ्या वाळून कडक झालेल्या. उंदरांनी जाळव्याचं धोतर नेलेलं. चार-पाच आंबे तडकलेले. केरबाचा हात आता थरथरतो. पटाशी धरली की नेमकी नको तिथं घसरते. एक आंबा त्यानं तीनदा केला, तीनदा मोडला आणि चिडून पटाशी फेकली. अनुजाचा फोन आला की म्हणायचा, "हुतंय, हुतंय!" आणि फोन ठेवला की रडकुंडीला यायचा. तिकडं आक्काताई एकदा चहा ओतताना कप सोडून बशीच्या बाहेर ओतत राहिली, ते बघितलं आणि तो उठून परत कामाला बसला. गणपतीच्या आधल्या आठवड्यात गुऱ्हाळ उभं राहिलं. पूर्वीसारखं नाही, पण उभं राहिलं.

खाली मोटर नव्हती, आक्काताई होती, हे विजयसिंहाकडनं गावभर झालं होतं. हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं जमली. विजयसिंहानं केरबासाठी शाल आणि हार आणून ठेवला होता. पहिल्या रांगेत खुर्चीवर आक्काताई, शेजारी अनुजा. "फिरवायला पोरं देऊ का, काका?" विजयसिंहानं विचारलं. "पोरं नकोत," म्हणून केरबा स्वतः पडदा उचलून स्टेजखाली शिरला. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरले, डोकं फळीला आपटलं. गोणपाटावर बसला आणि दांडा धरला.

पहिल्या फेऱ्यालाच त्याला कळलं, हे काम वाटलं तसं नाही. एक आंबा वर जाताना हात जड, दुसरा उतरताना एकदम हलका, दांडा हातातनं निसटू बघतो. वर बैल ठेचकाळत पळायला लागले.

"आवो, दमानं!" समोरनं आक्काताई ओरडली. "बैल हाईत त्ये, फटफटी न्हाय!"

हॉल हसला. खाली केरबाही हसला आणि हात आवरता घेतला. हळूहळू लय सापडली.  मग कुणीतरी "अरं बघ, घाम पुसतोय!" म्हणालं. केरबा कान देऊन ऐकत होता. आतली धग, नाकात भुसा, मानेवर डास. खांदा भरून आला. पूर्वीचा एक खेळ एव्हाना संपला असता. पण आक्काताईला सगळं एकदम दिसत नव्हतं. ती मान वळवून एकेक माणूस नळीत धरायची आणि पोटभर बघायची. आधी बैल. मग ऊस सारणारा. मग जाळव्या. अनुजा हळूच सांगत होती, "आता गुळव्या बघ, आई." गुळव्यानं पळी उचलली, बघितली, मान हलवली, आणि आक्काताई लहान पोरीसारखी खुदकन हसली. ते हसणं खाली ऐकू आलं. केरबाचा दंड लाकूड झाला होता, पण त्यानं दांडा सोडला नाही. अकरा वर्षं ही इथं बसली आणि आपण बाहेर फेटा बांधून! त्याला स्वतःची लाज वाटली. 

टाळ्या सुरू झाल्या. विजयसिंह हार घेऊन पुढं झाला आणि केरबा काही बाहेर येत नाही म्हटल्यावर त्यानं तो आक्काताईपुढं धरला. लोक भोवती जमले. "वैनी, नाद खुळा! जगात भारी!"

आक्काताईनं हार हातानं बाजूला सारला.

"मला कशाला?" ती मोठ्यानं म्हणाली. "फिरवणारं आमचं मालक खाली बसल्यात. त्यास्नी आधी पानी द्या."

खाली केरबाचा हात थांबला. एवढं एक वाक्य. अकरा वर्षांत, एवढ्या गर्दीपुढं, ते त्याच्या तोंडातनं एकदाही निघालं नव्हतं. आणि हिला ते सुचायला एक सांज पुरली. तो दांड्यावर कपाळ टेकून रडला.

विजयसिंह पडदा उचलून पाण्याचा तांब्या घेऊन वाकला. "काका, या की बाहेर. लोक बोलवालेत."

केरबा पाणी प्यायला, त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तिला इचार, बघून झालं का?"

विजयसिंहानं वर ओरडून विचारलं.

"न्हाय अजून!" आक्काताईचा आवाज आला. "डावी बाजू ऱ्हायलीया!"

"बघ, निवांत बघ," केरबा म्हणाला आणि त्यानं परत दांडा धरला.