मास्तरांचा फॉपडूडल

नेर गावात मूर्खांची खरी कदर करणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे आमचे शेजारी, इंग्रजीचे मास्तर. बाकीचे लोक मूर्खाला मूर्ख म्हणून मोकळे होत. मास्तर त्याला आधी बसवत, चहा पाजत आणि मग शांतपणे ‘फॉपडूडल’ म्हणत. ज्याला हा शब्द बहाल केला त्याला त्याचा इतिहासही कळला पाहिजे, हा त्यांचा नेम. “फॉप म्हंजे मूर्ख. डूडल म्हंजेबी मूर्खच, पन जर्मन मुलखातून आलेला. तीनेकशे वर्षांमागं इंग्रजायनं दोघांचं लगन लावलं, काहून की एका शब्दात मावनार नाईत असे मूर्ख त्यायच्याकडं निपजले. पुढं शब्द मेला. मूर्ख राह्यले!” दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याने हे सगळं हातात चरवी धरून ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीने जाऊ लागला. शिव्या त्याने पचवल्या असत्या. इतिहास पचला नाही.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. दोन वेण्या, एक फाउंटन पेन आणि आपण अर्ध्या विलायती आहोत असा समज, एवढी तेव्हा माझी मालमत्ता. मास्तरांकडे शिकवणीला जायची. व्याकरणाने माझ्यापुढे हात टेकले, पण हा इतिहास मात्र मास्तरांनी माझ्याकडून इंग्रजीत घडाघडा पाठ करून घेतला. एकट्या जिवाला पळून न जाणारी श्रोती मिळाली होती, ती सोडतात होय!

त्याच साली महागावहून मला बघायला आले. मुलगा, आणि त्याला लहानाचं मोठं केलेले मामा-मामी. आमच्याकडून शहाणा माणूस म्हणून वडिलांनी मास्तरांना बसवलं. हा मुलगा मिळाला नाही तर आपण आजन्म कुमारिका राहणार, असं मी दाराच्या फटीतूनच ठरवून टाकलं. विचार करायची मला तेव्हा सवय नव्हती.

मामांनी मला चालवून पाहिलं, सुईत दोरा ओवायला लावला आणि पानाला चुना लावत हुकूम सोडला, “पोरीले इंग्रजी येते म्हंतेत. बोलून दाखव.” मामांना स्वतःला इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणूनच परीक्षा इतकी कडक. मला पाठ होतं ते एकच. मान ताठ करून मी सुरू केलं. मास्तरांचा चेहरा उतरला. मामा वाक्यावाक्याला मान डोलवत होते.

“वा! कायच्यावर होतं हे, मास्तर?”

मास्तर एरवी गरजेपुरतं खोटं बोलत. या शब्दाच्या बाबतीत कधीच नाही.

“मूर्खायवर.”

“कोनत्या मूर्खायवर?”

“न समजता मान डोलवतेत त्यायच्यावर.”

वडिलांनी डोळे मिटले. माझं कुमारिकापण पक्कं झालं. तेवढ्यात मामी पदरात तोंड खुपसून जी हसत सुटल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. “मले पोरगी पसंत हाय,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “याईले हे सांगाची आजवर कोनाची हिंमत नाई झाली. घरात एक जन तर पाहिजे!”

मामा चुन्याची डबी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

लग्न झालं. निघताना स्टँडवर मी रीतसर, शिकवल्यासारखी रडत होते. कोट घालून आलेले मास्तर बसच्या खिडकीशी उभे राहिले. आशीर्वाद-बिशीर्वाद त्यांना जमत नसे. इकडेतिकडे पाहून त्यांनी घसा खाकरला, “फॉप म्हंजे...” आणि बस हलली. मग मात्र मला खरंच रडू आलं. मास्तर धुळीतून बसच्या बरोबरीने चालत राहिले, मग मागे पडले. ऐकू काहीच येत नव्हतं. पण वळण येईपर्यंत त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते.