चाकूरची

लातुरात हौशी मुलांची पियानो स्पर्धा असली की ती चाकूरहून एसटीनं यायची. मी तिचं नाव कधी विचारलं नाही. सगळे तिला चाकूरचीच म्हणायचे. आपला नंबर येईपर्यंत ती पुढं बसलेल्या मुलीच्या पाठीवर बोटं चालवायची आणि वर दटावायची, "हालू नको, सराव करायलेय."

एकदा स्पर्धेत वाजवता वाजवता मी पुढचं विसरले. हात थांबले. माझ्यानंतर तिचाच नंबर होता. ती पडद्यामागून सरळ मंचावर आली आणि परीक्षकांना म्हणाली, "सर, हे स्टूल हालायलंय."

स्टूल अगदी ठीक होतं. तिनं वाकून ते उगाच इकडं तिकडं सरकवलं आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "दम घे. पहिल्यापासून वाजीव."

परीक्षकांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं. या वेळी मी शेवटपर्यंत वाजवलं.

पहिलं बक्षीस तिनं नेलं, दुसरं मला मिळालं. आभार मानायला गेले, तर ती डबा उघडून बसली होती.

"आभार कशाचे?" ती म्हणाली. "अर्ध्यावर थांबलेलीला हरवण्यात काय मजा हाय?"

आणि तिनं अर्धं धपाटं माझ्यापुढं केलं.