बांधलेली फांदी

टिंग! सिंकमधल्या ढिगावरून एक चमचा घसरतो आणि दुपारची शांतता तडकते. ऋजुता श्वास रोखून पडून राहते. शेजारी चार वर्षांची मुक्ता कूस बदलते, ओठ चोखते आणि पुन्हा गाढ झोपते. सुटले! पहाटे साडेतीनला उठून, कॅमेरा गळ्यात अडकवून रान गाठणाऱ्या बाईला दुपारी डुलकी लागायला कितीसा वेळ? डोळे मिटले आहेत की उघडे, हे तिचं तिलाच कळत नाही.

"निजली का, बाई?"

दारात लटारीदादा उभा आहे. रानात कसं बसायचं, किती थांबायचं, कधी उठून यायचं, सगळं त्यानेच तिला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी, असाच मे महिना होता, तेंदूपत्ता तोडता तोडता ऊन लागून तो गेला. हे तिला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. तरी ती उठून बसते आणि विचारते, "चहा टाकू, दादा?"

"चहा नको मले. पाणी असंल तं दे."

ती स्वयंपाकघरात जाते, नळ उघडते. नळातून कोरडी वाळू पडते. भांडं भरतं, ओसंडतं, वाळू पायांवर येते आणि पाय चटचट भाजायला लागतात. ती मागे वळते तर ओटा नाही, भिंती नाहीत. लटारीदादाच्या गावाबाहेरचा तो आटलेला नाला आहे, आणि समोर बांबूच्या बेटात स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं वाटीएवढं घरटं. आत तीन पिल्लं.

आज सकाळी ती इथेच बसली होती. घरट्यापुढे पानांनी भरलेली एक फांदी येते, फोटो अडतो. घाईचे लोक ती सरळ छाटून टाकतात. लटारीदादाची शिस्त वेगळी. छाटायची नाही, सुतळीने बाजूला बांधायची आणि निघताना सगळ्यात आधी सोडायची. पिल्लांची छत्री असते ती.

"फांदी सोडली का, बाई?" तो मागून विचारतो.

"सोडली की."

"हो का? मंग सावली कुठं हाय?"

ती घरट्याकडे बघते. फांदी अजून बाजूला ताणलेली आहे आणि गाठ तिच्याच हातची आहे. ऊन सरळ घरट्यात उतरलंय. आणि आता, आत्ता कुठे, तिला सकाळचा नवऱ्याचा, परेशचा फोन आठवतो. "मुक्ता उठलीय गं, रडून रडून लालबुंद झालीय. माझ्याने आवरत नाही, ये लवकर." ट्रायपॉड काखेत मारून ती धावत सुटली होती.

ती गाठ ओढते. गाठ सुटत नाही, उलट सुतळी तिच्याच बोटाला वेढे घेते. घरट्यात तीन चोची उघडतात. आवाज नाही. ती वाकून बघते तर त्या चोची नाहीत, मुक्ताचं उघडं तोंड आहे आणि ओठांवर पापुद्रे आलेत.

"दादा, हात लावा ना! नुसते बघताय काय?"

"माहा हात लागला असता, तं तुले कायले सांगाले आलो असतो?" तो उन्हात उभा आहे आणि पायाशी त्याची सावली नाही. "ऊन कसं लागते, तुले नाई माईत. पयले तहान लागते. मंग तहानही लागत नाई."

"दादा!"

स्वतःच्याच ओरडण्याने ती जागी होते. कूलर घरघरतोय. घड्याळात दीड. उजव्या हाताची तर्जनी ठणकते म्हणून ती बघते, तर बोटाभोवती लाल वळ उमटलाय, खोल, सुतळीच्या पिळासकट.

फोन उचलून ती तसाच खाली ठेवते. त्या गावात फोन करावा असा तिचा एकच माणूस होता.

"आई, तू कुणाला ओरडलीस?" मुक्ता उठून बसलीय.

"ऊठ, चप्पल घाल. बाबा ऑफिसात आहे, तू शेजारच्या पाटणकर आजींकडे थांब. मला रानात जायचंय." गाडीची किल्ली, पाण्याची बाटली, स्कार्फ. ठणकत्या बोटाने बुटाची नाडी बांधली जात नाही. वीस किलोमीटर. सकाळी आठपासून ऊन.

"आत्ता? का?"

"पिल्लांना ऊन लागतंय, राणी. त्यांच्या डोक्यावरची फांदी मी बांधून ठेवलीय. सोडायची राहिली."

मुक्ता एक चप्पल हातात घेऊन विचार करते. मग मान वर करून विचारते,

"मग फांदी न सोडताच तू घरी का आलीस?"