डब्यात उरलेला चिंचोका

आमच्या बालवाडीच्या बाईंना प्रत्यक्ष देव भेटला असता, तर नमस्कार राहिला बाजूला, त्यांनी आधी पोरांना पुढे ढकलून त्याचे हात मोजायला लावले असते. तेही लांबून बोट दाखवून नाही, एकेका हाताला हात लावून. "आकडा आधी बोटांना कळतो, मग डोक्याला," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पर्समध्ये चिंचोके, शर्टाची बटणं आणि सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठासून भरलेली असायची. खोपटच्या रस्त्यानं त्या येताना आधी खुळखुळ ऐकू यायची, मग बाई दिसायच्या.

मी तिथे मदतनीस होते. लग्न होऊन हिंगोलीकडून ठाण्यात आले तेव्हा इथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. शेजारणीनं बालवाडीत चिकटवून दिलं आणि शिक्षण विचारलं तेव्हा घाबरून मी "सातवी" म्हणून मोकळी झाले. खरं तर चौथीतच माझी शाळा सुटली होती. वीसपर्यंत ठीक चालायचं, पुढचे आकडे घाईत हातातून निसटायचे. आणि पोरं होती सत्तावीस. ती सगळी आली का, सगळी गेली का, हे बघणं माझं काम. एखादं पोर राहिलं तर काय, आणि बाईंना माझी चौथी कळली तर काय, या दोन धास्तींवर मी दिवस काढायचे.

तारलं मला बाईंच्या डब्यानं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत येताना प्रत्येकानं पिशवीतला एक चिंचोका त्यात टाकायचा, घरी जाताना एक काढून पुन्हा पिशवीत ठेवायचा. डबा रिकामा म्हणजे सगळी गेली. बाई स्वतःही टाकायच्या आणि मलाही टाकायला लावायच्या. मला वाटायचं, म्हातारपणी खेळ सुचतात एकेकाला.

पाटीवर आकडे काढायला त्या लवकर द्यायच्याच नाहीत. पालक कुरकुरायचे. खाडीकडून येणाऱ्या एका कोळ्याच्या मुलाची आजी तर मासळीची पाटी डोक्यावर घेऊनच दारात उभी राहायची. "बाय, आमचे पोराला लिवायला कवा शिकवशील? नुसते चिंचोके खेलवतंस!" त्याच मुलाला बाईंनी एकदा पाच बुचं दाखवून किती म्हणून विचारलं, तर तो ठसक्यात म्हणाला, "एक वाटा!" आजी बाजारात पाच-पाच बोंबलांचे वाटे लावायची, त्याचं बरोबरच होतं. मी तोंडाला पदर लावून हसले. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या सुके बोंबील घेऊन आल्या! ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, त्या घरातल्या बाई. एका हातानं नाक धरलेलं, दुसऱ्या हातानं वाटे लावणं चाललेलं, आणि खिडकीत गल्लीतली सगळी मांजरं. "मांजरंही मोजा रे," बाई नाकातून म्हणाल्या. पोरांनी एक वाटा आणि वर दोन मांजरं मोजली.

मग एकदा त्यांच्या मनात आलं, एसटीची चाकं मोजायची. झालं, निघाली वरात डेपोत. सकाळी आत न जाता दारातच प्रत्येकानं चिंचोका डब्यात टाकला, डबा माझ्या काखेत. तिथे एक कंडक्टर चहा पीत होता. बाईंनी विचारलं, "मास्तर, तुमच्या गाडीला चाकं किती हो?"

"चार. किती असणार?"

"हात लावून सांगा."

पोरं खडू घेऊन धावली. पुढे दोन, मागे जोडीजोडीनं चार. प्रत्येक चाकावर एक रेघ. "सहा!" एवढा गलका झाला की ड्रायव्हर खाली उतरला. कंडक्टर म्हणाला, "च्यायला, रोज बसतो मी हिच्यात!" आणि ती गाडी सहा रेघा मिरवत शहापूरला गेली.

परत आल्यावर मी दारात डबा धरून उभी राहिले. एकेक पोर चिंचोका काढून आत गेलं. शेवटी बाईंनी काढला. मी आत बघितलं. एक चिंचोका तळाशी.

एक पोर डेपोत राहिलं! डबा बाईंच्या हातात कोंबून मी पळत सुटले. मागून बाई हाका मारत होत्या, पण ऐकतंय कोण. डेपोत मी गाड्यांखाली वाकून बघितलं, कॅन्टीनमध्ये बघितलं. तो कंडक्टर गेला होता, दुसऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कसं दिसतं पोर?" मला सांगता येईना. कुठलं पोर तेच माहीत नव्हतं. रडत परत आले तर बाई पायरीवर, डबा मांडीवर.

"बाई, हरवलं हो पोर. माझ्यामुळेच हरवलं. मी सातवी नाही, चौथी आहे. मला नीट मोजता येत नाही."

"सगळी आत आहेत. खिचडी खातायत."

"मग हा?"

"हा तुझा. तू काढलाच नाहीस." त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. "अगं वेडे, आमच्यात तूसुद्धा आहेस ना? आणि चौथीचं म्हणशील, तर ते मला पहिल्याच दिवशी कळलं. हजेरी मोजताना ओठ किती हलतात तुझे! उद्यापासून पोरं गेली की माझ्याजवळ बसायचं."

बसले. चिंचोक्यांवर शंभरापर्यंत गेले, मग पुढे, पुढे सातवीची परीक्षासुद्धा बाहेरून दिली. ठाण्यात माझं माणूस कोण असं कुणी विचारलं, तर मी माहेर सांगावं तसं बाईंचं नाव सांगायचे.

त्या निवृत्त झाल्या आणि डोंबिवलीला लेकाकडे राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी पेढे वाटले, पोरांना पाठवलं, पर्स खुळखुळवत निघून गेल्या. नंतर डबा बघितला, तर आत एक. माझा मी काढला होता, आठवण करकरून काढला होता.

विसरल्या, की मुद्दाम ठेवला, हे विचारायला डोंबिवलीला जाईन जाईन म्हणत राहिले. आज त्या नाहीत. बालवाडी आता माझ्याकडे आहे. दुपारी पोरं गेली की डब्यात बाईंचा तो एक चिंचोका उरतो. नवी मदतनीस पहिल्या दिवशी घाबरून ओरडली, "बाई, कुणीतरी राहिलंय!"

"असू दे," मी म्हटलं, आणि झाकण लावलं.